'सेट' या शब्दाची चिकलठाण्यातील कुळकथा

इंग्रजी भाषेत 'सेट' नावाचे एक क्रियापद आहे. अक्षरे तीन, उच्चाराला अर्धा श्वासही पुरे. परंतु कोशकारांना त्याने जेवढे दमविले तेवढे फार थोड्या शब्दांनी दमविले असेल. इंग्रजीचा नवा कोश करावा हा विचार लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत १८५७ साली पुढे आला, त्या कोशाचा पहिला भाग १८८४ मध्ये छापून निघाला आणि अखेरचा १९२८ मध्ये. ऑक्सफर्डच्या या अजस्र कोशात सर्वांत लांब नोंद कोणाची? ईश्वराची नव्हे, राजाची नव्हे, प्रेमाची तर नव्हेच. ती या 'सेट'ची. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीतही त्याचे आसन ढळले नव्हते. तेथे त्याचे चारशे तीसच्या आसपास अर्थ मोजले गेले. पुढे एकविसाव्या शतकात 'रन' या क्रियापदाने सहाशेंहून अधिक अर्थ जमवून त्याला मागे टाकले. धावणाऱ्याने बसलेल्याला मागे टाकावे यात नवल ते काय!

'बसलेला' हा शब्द मी उगाच वापरलेला नाही. 'सिट' म्हणजे बसणे आणि त्याचे प्रयोजक रूप 'सेट', म्हणजे बसविणे. संस्कृतातील 'सद्' हा धातू याच घराण्यातला. सदन, संसद, उपनिषद ही सारी त्याचीच लेकरे. तेव्हा लेथवर हत्यार सेट करणारा कामगार आणि उपनिषद सांगणारा ऋषी यांचे शब्द चुलतभाऊ लागतात. मराठीने मात्र बसण्यासाठी 'सद्' घेतला नाही. तिचे 'बसणे' म्हणजे ज्ञानेश्वरांच्या काळचे 'बैसणे', आणि ते 'उपविश्'वरून आले. घराणे निराळे, पण धंदा तोच: बसणे–बसविणे, सिट–सेट. (चहाच्या पेल्यांचा जो 'सेट' असतो तो मुळात या कुळातला नव्हे. तो फ्रेंचमार्गे लॅटिन 'सेक्टा'पासून आला. पंथ, अनुयायांचा समूह असा त्याचा अर्थ. नाव सारखे म्हणून नाते सांगणाऱ्या सोयऱ्यासारखा तो या घरात शिरला व पुढे घरचाच होऊन गेला.)

आता या चारशे अर्थांचे मराठीत काय होते ते पाहावे. इंग्रज आग सेट करतो, आपण आग लावतो. गाण्याला तो संगीतात सेट करतो, आपण चाल लावतो. घड्याळ, सापळा, वस्तऱ्याची धार, माणसाला कामाला जुंपणे, या सर्व ठिकाणी त्याचे 'सेट' आणि आपले 'लावणे'. अंगठीत खडा, मोडलेले हाड, चौकटीत दार, येथे मात्र आपण 'बसवितो'. परीक्षेचा पेपर आपण काढतो, जेवणाची पाने मांडतो, प्रवासाला निघतो, कैद्याला सोडतो. आणि त्याचा सूर्यही सेट होतो, आपला मावळतो. आंबट खाल्ल्याने दातांचे जे होते तेसुद्धा इंग्रज 'सेट'नेच सांगतो. आपल्याकडे दात आंबतात, आणि त्या एका शब्दाच्या उच्चारानेच तोंडाला पाणी सुटते.

यावरून कोणी असे समजू नये की, इंग्रजी एका शब्दात भागवते आणि मराठीला वीस लागतात. उलट बाजूने मोजून पाहावे. भूक लागते, ठेच लागते, निकाल लागतो, नोकरी लागते, डोळा लागतो, वेड लागते. तळाशी दूध लागते, बोलणे मनाला लागते. घाटात एखाद्याला गाडी लागते आणि स्थानकावर तीच गाडी फलाटाला लागते. मामा हा मामा लागतो. पोर बोलू लागते आणि बापाला गप्प बसावे लागते. या एका 'लागणे'पुढे इंग्रज कोशकाराने किती शब्द खर्चावेत? प्रत्येक भाषेत असे दोन-चार हमाल असतातच. ओझे त्यांनी वाहावयाचे आणि मिरवावयाचे नामांनी व विशेषणांनी.

ही देवघेव करण्याचा पहिला मोठा उद्योग मोल्सवर्थ आणि कँडी यांनी केला. मोल्सवर्थचा मराठी–इंग्रजी कोश १८३१ चा, त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ती १८५७ ची. म्हणजे लंडनमध्ये ऑक्सफर्डच्या कोशाची कल्पना निघाली त्याच वर्षी मुंबईत आपला कोश दुसऱ्यांदा छापून तयार होता, हे अभिमानाने सांगण्यास हरकत नाही. उलट दिशेचा, इंग्रजीतून मराठीत येणारा कोश मोल्सवर्थने आरंभिला आणि थॉमस कँडीने तो १८४७ मध्ये पुरा केला. मराठीच्या छापील पानावर विरामचिन्हे रुळविणारा हाच तो मेजर कँडी. अर्थात 'सेट'सारख्या शब्दासमोर एक प्रतिशब्द टाकून मोकळे होणे अशा कोशकाराला शक्य नव्हते. ज्याला मराठीची खोड ठाऊक आहे, त्याला कळते की येथे शब्दाला शब्द देऊन भागत नाही. वस्तू पाहावी लागते. खडा की आग, घड्याळ की हाड, हे आधी विचारावे लागते.

हे सारे मुंबई–पुण्याकडचे झाले. आमच्या मराठवाड्याची वाट निराळी होती आणि पुष्कळदा तिचा उल्लेखही होत नाही. निजामी अमलात राज्यकारभार आणि वरचे शिक्षण उर्दूतून चाले. १९१७ मध्ये हैदराबादेस भाषांतराचे एक स्वतंत्र खाते निघाले, १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले, आणि विज्ञानापासून कायद्यापर्यंतचे ग्रंथ उर्दूत आणण्याचा सपाटा सुरू झाला. मराठी घरातील मुलाला विज्ञान शिकायचे तर आधी उर्दू शिकणे भाग होते. याची सल मागल्या पिढीत होती व ती खोटी नव्हती. परंतु त्या काळातील एक गोष्ट या विषयाच्या दृष्टीने फार मोलाची आहे. चिकलठाण्याहून पश्चिमेस दोन-तीन कोसांवर, खुद्द औरंगाबाद शहरात, इंग्रजी क्रियापदांशी झुंजणारा एक मोठा कोशकार राहत होता. मौलवी अब्दुल हक हे त्यांचे नाव. उर्दू जगत त्यांना 'बाबा-ए-उर्दू' म्हणते. अंजुमन-ए-तरक्की-ए-उर्दू या संस्थेचे चिटणीसपद त्यांच्याकडे आल्यावर तिचे कार्यालय औरंगाबादेस आले, 'उर्दू' नावाचे त्रैमासिक १९२१ पासून येथूनच निघू लागले, आणि त्यांचा इंग्रजी–उर्दू कोश १९३७ मध्ये याच गावाच्या नावाने प्रसिद्ध झाला.

या मौलवींनीच मकबऱ्याच्या बागेतील एका माळ्यावर शब्दचित्र लिहिले आहे. माळ्याचे नाव नामदेव. उर्दू शाळांतून ते पुढे पिढ्यान्पिढ्या वाचले गेले. मला त्या दोघांची भेट शब्दांच्या अंगाने पाहाविशी वाटते. नामदेव रोप 'लावी', मौलवींच्या भाषेत तो ते 'लगाता'. आणि जुन्या इंग्रजीत रोप लावण्यालाही 'सेट' हेच क्रियापद आहे. मराठीचे लागणे–लावणे आणि उर्दूचे लगना–लगाना एकाच 'लग्' धातूची. बसविणे आणि बिठाना यांचेही तसेच. राज्यकर्त्यांची भाषा आणि रयतेची भाषा नामांत कितीही दूर गेल्या, तरी माळीकामात त्या एकाच वाफ्यावर उभ्या होत्या.

नामांचा मुद्दा येथे आलाच आहे, तर थोडे मागे जाऊ. फारसी मराठीत शिरली ती कशी? जमा, बंद, कबूल, माफ, तयार, कायम, दुरुस्त. यांतला एकही शब्द क्रियापद म्हणून आला नाही. तो दाराशी आला, पागोटे काढून उभा राहिला, आणि मराठीने आपले 'करणे' किंवा 'होणे' त्याच्यामागे उभे केले तेव्हाच त्याला आत घेतले. जमा करणे, जमा होणे. तारीख मुक्रर करणे, तारीख मुक्रर होणे. (हेही इंग्रजीत 'सेट'च बरे का!) शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथपंत हणमंत्यांनी 'राज्यव्यवहारकोश' रचला आणि दरबारातील यावनी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. विसाव्या शतकात सावरकरांच्या भाषाशुद्धीने 'दिनांक', 'महापौर' असे शब्द दिले व ते रुजले. या दोन्ही प्रयत्नांविषयी मला आदर आहे. तथापि दोन्हींची झडती प्रामुख्याने नामांची होती. क्रियापदाच्या चौकीवर पहारा ठेवावा लागला नाही, कारण तेथे 'करणे' आणि 'होणे' हे दोन जुने पहारेकरी आधीच बसलेले होते.

त्यांनी काही थोड्यांना पुढे बढती दिली. खर्चणे, बदलणे, फर्माविणे, आजमाविणे, नवाजणे, शरमणे. हे परके शब्द 'णे' लावून घेऊन पूर्ण मराठी क्रियापदे बनले. पण त्याला शतके लागली, आणि संख्या पाहिली तर ती बोटांवर मोजण्याइतकी. हे माप हाताशी असले म्हणजे इंग्रजी शब्दांची पुढची हकीकत नीट समजते.

चिकलठाणा हे जालना रस्त्यावरचे गाव. नाव घेताच काळ्या रानातला चिखल पायाला लागावा असे. मनमाड–हैदराबाद लोहमार्ग १९०० च्या सुमारास या भागातून गेला व गावाला स्टेशन मिळाले. पुढे विमानतळही येथेच झाला. १९४८ च्या सप्टेंबरात निजामी राजवट संपली, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. राज्याचे औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले आणि नंतरच्या काळात गावच्या शिवारात कारखान्यांची वसाहत उभी राहिली. ज्वारी–बाजरीच्या रानात शेड आले, भोंगे आले, तीन पाळ्या आल्या. इंडो-जर्मन टूल रूमसारखी, साचे आणि हत्यारे घडविण्याचे शिक्षण देणारी संस्थाही पुढे याच वसाहतीत आली. जालना, पैठण, गंगापूर, फुलंब्रीकडची शेतकऱ्यांची मुले सायकलवरून या फाटकांतून आत जाऊ लागली. त्यांच्याबरोबर त्यांचे 'लावणे' आणि 'बसविणे' होतेच: गाडीच्या चाकावर धाव बसविणे, सांधा बसविणे, मोट लावणे. आत त्यांना 'सेट' भेटला.

पण चारशे अर्थांचा तो वतनदार 'सेट' नव्हे. मी अनेक वर्षे या मंडळींचे बोलणे कान देऊन ऐकत आलो आहे, आणि माझा निष्कर्ष असा की फाटकातून आत आला तो त्याचा एकच अर्थ: यंत्राचा एखादा भाग नेमक्या जागी, नेमक्या मापावर आणून ठेवणे. टूल सेट करणे, डाय सेट करणे, झिरो सेट करणे. सूर्य मावळण्याचा, पाने मांडण्याचा, आग लावण्याचा अर्थ बाहेरच राहिला. त्याला येथे कामच नव्हते. आणि जो आला तोही फारसीच्या वाटेनेच आला. 'सेटणे' असे क्रियापद मी आजवर ऐकलेले नाही. सेट करणे, सेट होणे, पहारेकरी तेच.

मग 'बसविणे' असताना 'सेट करणे' का आले? कामगाराला विचाराल तर तो हसेल. बसविलेली वस्तू बसली की झाले. सेट केलेली वस्तू मापाने तपासावी लागते. बसविण्यात हाताचा अंदाज आहे, सेट करण्यात मिलिमीटरचा शंभरावा भाग आहे. लोहार धाव बसवी तेव्हा तोही मापानेच बसवी, हे खरे. पण ते माप त्याच्या डोळ्यांत होते, कागदावर नव्हते. नव्या अचूकपणाला नवा शब्द मिळाला. मला यात मराठीचा पराभव दिसत नाही. एक हानी मात्र दिसते. 'जुळविणे', 'मेळ घालणे', 'बैठक पाहणे' असे पूर्वी कारागिरांच्या तोंडी असलेले शब्द त्या एका 'सेट'खाली दडपून गेले, आणि ते टिपून ठेवावेत असे कोणाला वाटले नाही. दाते–कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' १९३२ ते १९३८ या काळात सात भागांत निघाला. तेव्हा चिकलठाण्यात वसाहत नव्हती. वसाहत झाली तेव्हा तसा कोश करणारे कोणी आले नाही. सरकारी परिभाषेचे कोश पुष्कळ झाले. ते कचेरीतून कारखान्याकडे पाहतात, कारखान्यातून नव्हे.

शब्दाच्या अर्थावर माणसाची रोजी कशी अवलंबून असते, याचे एक उदाहरण माझ्या डोळ्यांसमोरचे आहे. वसाहतीतल्या एका कारखान्यात प्रेसवर काम करणारा एक तरुण माझ्याकडे इंग्रजी कागद घेऊन आला. कारणे दाखवा नोटीस होती. दुपारच्या पाळीत काही नग बाद झाले होते आणि कागदात म्हटले होते की, 'डाय चुकीचा सेट होता.' इंग्रजीत ते अगदी निर्दोष वाक्य आहे. परंतु 'सेट' या शब्दाचे वर्तमान, भूत आणि भूतकालवाचक विशेषण तिन्ही रूपांनी एकसारखे. चुकीचा सेट होता म्हणजे कोणी चुकीचा सेट केला की तो तसा झाला, हे त्या वाक्यातून निघत नाही. वाचणारा मात्र पहिलाच अर्थ घेतो, आणि तीन दिवसांचा पगार कापण्याची गोष्ट त्याच अर्थावर उभी होती.

मी त्याला म्हटले, "झालं काय, ते तुझ्या भाषेत सांग." तो म्हणाला, "सर, सेटिंग सकाळी मीच केली. पहिला नग पास झाला, सुपरवायझरची सही हाय. जेवणानंतर सेटिंग हलली. म्या हलवली न्हाई, ती हलली."

हलली आणि हलवली! मराठीत एका 'व'चा फरक, पण त्यात सगळा न्याय सामावला आहे. बसणे–बसविणे, लागणे–लावणे, हलणे–हलविणे. जी जोडी आपण शाळेत अकर्मक आणि प्रयोजक म्हणून पाठ केली व विसरलो, ती या मुलाने वकिलासारखी मांडली. 'सेट' या इंग्रजी शब्दात कर्ता लपविण्याची सोय आहे. त्या शब्दाला मराठीत घेताच आपले 'करणे' आणि 'होणे' त्याला विचारतात, बाबा रे, तू केलास की झालास? मी खुलासा मराठीतच लिहून दिला आणि त्याची तीन वाक्ये होती तशी ठेवली: सेटिंग मी केली, नग पास झाला, नंतर सेटिंग हलली. वाचणाऱ्या अधिकाऱ्याला 'हलली तर का हलली' हा प्रश्न विचारणे भाग पडले. पाहणी झाली, डाय आवळणाऱ्या एका बोल्टाचे आटे झिजलेले निघाले. पगार कापला गेला नाही. पुढे तोच मुलगा सेटर झाला, आणि आता नवीन मुलांना सेटिंग करण्याआधी बोल्ट पाहावयास सांगतो, असे ऐकतो.

फाटकातून आत गेलेला शब्द संध्याकाळी सायकलवर बसून घरी येतोच. 'पोरगं सेट झालं' हे वाक्य मी लग्नाच्या बैठकीत प्रथम ऐकले. नोकरी कायम झाली, शहरात दोन खोल्या झाल्या, आता मुलगी द्यावयास हरकत नाही, एवढा अर्थ त्या तीन शब्दांत होता. इंग्रजही 'सेट फॉर लाइफ' म्हणतो खरा. पण आमच्याकडचा अर्थ तेथून आला असे मला वाटत नाही. तो प्रेसवरून आला. सुटा भाग नेमक्या जागी बसला, आवळला गेला, आता हलणार नाही. मुलीच्या बापाला याहून निराळे काय हवे असते? आणि ज्याने आयुष्यात एकदा टाळेबंदी पाहिली आहे, त्याला सेट झालेले काहीही केव्हाही हलू शकते हेही ठाऊक असते. म्हणून म्हातारी माणसे हा शब्द वापरताना पुढे 'सध्या' जोडतात. "सध्या सेट आहे."

त्याच शब्दाचे धाकटे भावंड 'सेटिंग'. त्याचे वळण बिघडले. कचेरीत काम अडले आणि दोन दिवसांनी सुटले की लोक म्हणतात, "सेटिंग लावली." टेंडरची सेटिंग, बदलीची सेटिंग. इंग्रजीत हा अर्थ नाही. तो आमचा स्वतःचा उद्योग. त्यातही पाहण्यासारखे हे की, यंत्राची सेटिंग 'करतात' आणि लबाडीची सेटिंग 'लावतात'. 'लावणे' हा शब्द जुनाच. वशिला लावणे, वर्णी लावणे याच पंगतीत लोकांनी त्याला नेऊन बसविले. चांगल्या कामाला 'करणे' आणि आडमार्गाला 'लावणे' ही वाटणी कोणत्याही मंडळाने ठरविली नाही, तरी ती कोणी चुकत नाही.

घरातल्या बायकांनी या शब्दाला अजून पुरते आत घेतलेले नाही. शीतकपाटात वाटीभर जेली ठेवली तर ती 'सेट झाली' असे सुना म्हणतात, कारण पाकिटावर तसे लिहिलेले असते. त्याच फळीवर शेजारी विरजण घातलेले भांडे असते. त्यातले दही मात्र अजून 'लागते'. आणि थंडीच्या दिवसांत नाही लागले, तर भांडे कापडात गुंडाळून पिठाच्या डब्यात ठेवले जाते.